आधी मतं मोजा, मग हवा: मराठी संपादकांना खुलं पत्र

मराठी दैनिकांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना,

स. न. वि. वि.

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर नावाचं चौदा लाख वस्तीचं राज्य आहे. मी तिथे राहतो आणि तिथेच मत देतो. दर चार वर्षांनी, ऐन हिवाळ्यात, राष्ट्राध्यक्षपदासाठी प्रत्येक पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, म्हणजे प्रायमरी, इथे होते तेव्हा आमचं राज्य आठवडाभर तुमच्या बातम्यांत झळकतं आणि मग पुढल्या निवडणुकीपर्यंत त्याचं नावही निघत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. सांगली-साताऱ्याच्या वाचकाला आमची रोजची खबर कशाला हवी? तक्रार आहे ती त्या आठवड्यात जे छापलं आणि दाखवलं जातं त्याबद्दल. २०२८ मध्ये ट्रम्प यांना घटनेनुसार पुन्हा उभं राहता येणार नाही. म्हणजे २०१६ नंतर पहिल्यांदाच दोन्ही पक्षांत रिकाम्या खुर्चीसाठी चुरस होईल, नावांची भाऊगर्दी असेल आणि तुमच्या अँकर मंडळींना श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही. तेव्हा कोणी ऐकणार नाही, म्हणून आत्ताच लिहितो.

सुरुवात सहा मतांपासून करू. डिक्सव्हिल नॉच ही कॅनडाच्या सीमेजवळची चिमुकली वस्ती मध्यरात्री बाराच्या ठोक्याला मतदान उरकते. २०२४ मध्ये तिथे सहा मतदार होते आणि सहाही मतं रिपब्लिकन पक्षातल्या ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी निकी हेली यांना पडली. इथे मध्यरात्र होते तेव्हा मुंबईत सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. राज्याचा खरा निकाल यायला तुमच्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडते. मधले एकोणीस-वीस तास पट्टीवर चालवायला हाताशी काय असतं? ती सहा मतं. ‘पहिला कौल हेलींना’ अशा थाटात ती दिवसभर फिरू शकतात. इथल्या वाहिन्याही हा खेळ दरवेळी खेळतात, त्यामुळे एकट्या तुम्हाला बोल लावत नाही. पण ही गंमत आहे हे इथल्या प्रेक्षकाला ठाऊक असतं. तुमच्या प्रेक्षकाला ते कोणी सांगत नाही.

आता आयोवा, २०२४ मध्ये आमच्याही आधी उमेदवार निवडायला बसलेलं राज्य. १५ जानेवारी २०२४, म्हणजे आपल्याकडे संक्रांतीचा दिवस. रिपब्लिकन पक्षाचे लोक संध्याकाळी सात वाजता शाळांत, चर्चमध्ये, ग्रंथालयांत जमले, भाषणं ऐकली आणि चिठ्ठ्यांवर नावं लिहून दिली. ही कॉकसची पद्धत. ठरलेल्या वेळी स्वतः हजर राहावं लागतं. सकाळी जाऊन मत टाकून आलो, असं चालत नाही. त्या रात्री पारा उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास होता. ट्रम्प यांना ५१ टक्के मतं मिळाली, दुसऱ्या क्रमांकावरच्या रॉन डीसँटिस यांना २१. ‘दणदणीत विजय’ हे शब्द त्याला शोभतातच. आयोवाच्या चुरशीच्या रिपब्लिकन कॉकसमध्ये इतक्या फरकाने आधी कोणीच जिंकलं नव्हतं.

पण त्याच रात्रीचा दुसरा आकडा बघा. आले होते सुमारे १ लाख १० हजार लोक. राज्यातल्या नोंदणीकृत रिपब्लिकन मतदारांपैकी जेमतेम १५ टक्के. २०१६ मध्ये याच कॉकसला १ लाख ८७ हजारांच्या आसपास लोक आले होते. ट्रम्प यांच्या पारड्यात पडलेली मतं ५६ हजार. मुंबईतल्या बहुतेक आमदारांना याहून जास्त मतं पडतात. आणि वृत्तसंस्थेने ट्रम्प यांना विजयी घोषित केलं ते कॉकस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात, कित्येक ठिकाणी लोक अजून भाषणं ऐकत बसलेले असताना. डीसँटिस यांच्या गोटाने त्यावर आरडाओरड केली, आणि त्यात तथ्य होतं.

एवढी कमी हजेरी कशामुळे? थंडीमुळे, निकाल आधीच ठरल्यासारखा वाटत होता म्हणून, की उत्साह ओसरला म्हणून? खरं उत्तर असं की त्या एका आकड्यावरून हे कोणालाच सांगता येत नाही. पण आकडा वाचकासमोर ठेवायला काय हरकत होती? तो ठेवला की ५१ टक्क्यांचं वजन वाचकाला स्वतःला जोखता येतं. मी त्या आठवड्यात मराठीत जे काही वाचलं त्यात टक्केवारी सगळीकडे होती, माणसं कुठेच नव्हती. (मान्य, २२ जानेवारीला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा होती. त्या दिवसांत आयोवाला किती जागा मिळणार!)

याच्या उलट टोकाला विवेक रामस्वामी. त्यांच्यावर रकानेच्या रकाने. मिळाली साडेसात टक्क्यांच्या आसपास मतं, आणि त्याच रात्री माघार घेऊन ते ट्रम्प यांच्या पाठीशी उभे राहिले. उमेदवार भारतीय वंशाचा असला की आपल्याकडे त्याचं मताधिक्य मोजण्याआधी त्याचं मूळ गाव शोधलं जातं. उत्सुकता मीही समजू शकतो, पण ती शर्यतीची बातमी होत नाही.

हवेकडे वळू. २०२४ मध्ये उमेदवारावर शिक्कामोर्तब करणाऱ्या रिपब्लिकन अधिवेशनात एकूण २,४२९ प्रतिनिधी होते. आयोवाचे ४०, न्यू हॅम्पशायरचे २२. दोन्ही मिळून अडीच टक्क्यांच्या थोडे पुढे. तरीही २३ जानेवारीला आमचं मतदान झालं तेव्हा मैदानात नाव घेण्याजोगे दोघेच उरले होते. बाकीच्यांना मतदारांनी पाडलं असं म्हणायचं तर ९७ टक्क्यांहून अधिक प्रतिनिधी ठरायचे बाकी होते. त्यांना पाडलं ते आटलेल्या देणग्यांनी, पाठ फिरवणाऱ्या नेत्यांनी, आणि ‘यांचं काही खरं नाही’ असं एका सुरात म्हणणाऱ्या बातम्यांनी. इथे हवा अशी तयार होते. ती करण्यात मतपेटीइतकाच बातमीचाही हात असतो.

आणि हवेचं माप मतं नसून अपेक्षा असते. मार्च १९६८ मध्ये आमच्याच राज्यातल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन जिंकले. त्यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, लोकांनी हाताने लिहून त्यांना ४९ टक्क्यांच्या आसपास मतं दिली. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभे राहिलेले यूजीन मॅकार्थी ४२ टक्क्यांवर थांबले. पण विद्यमान राष्ट्राध्यक्षाने एवढी मतं गमवावीत हे कोणाच्या हिशेबात नव्हतं. महिना संपण्याच्या आत, ३१ मार्चला, जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असं जाहीर केलं. १९८४ चं उदाहरण तर मला नेहमीच अफलातून वाटतं. आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाचे वॉल्टर माँडेल यांना ४९ टक्के, गॅरी हार्ट यांना साडेसोळा. आपल्या हिशेबाने हार्ट यांचा धुव्वा उडाला. पण ते दुसरे आले होते, आणि दुसरे येतील असं कोणी धरलं नव्हतं! आठ दिवस वर्तमानपत्रांत हार्ट, दूरचित्रवाणीवर हार्ट, आणि आठवडाभराने न्यू हॅम्पशायरमध्ये हार्ट विजयी. उमेदवारी शेवटी माँडेल यांनाच मिळाली, पण त्यासाठी त्यांना जूनपर्यंत झगडावं लागलं. १९९२ मध्ये बिल क्लिंटन इथे दुसरे आले आणि त्या रात्री स्वतःच स्वतःला ‘कमबॅक किड’ म्हणवून घेतलं. पहिले आलेले पॉल सोंगास आज किती जणांना आठवतात?

हवा चुकीच्या माणसाला मिळाली तर काय होतं, त्याचा दाखला २०१२ चा. आयोवात कॉकसच्या रात्री रिपब्लिकन पक्षाचे मिट रॉम्नी ८ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं. सव्वा लाखाच्या आत मतदान, त्यात आठ मतांचा फरक. तरी दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ते विजयी, आणि आठवडाभराने त्याच तोऱ्यात न्यू हॅम्पशायरही त्यांचंच. मग दोन आठवडे उलटून गेल्यावर आयोवाच्या पक्षाने प्रमाणित आकडे काढले: रिक सँटोरम २९,८३९, रॉम्नी २९,८०५. म्हणजे ३४ मतांनी सँटोरम पुढे. आठ केंद्रांचे कागद तर कधी मिळालेच नाहीत. सँटोरम यांना त्यांचा विजय मिळाला, पण विजयाची रात्र मिळाली नाही, आणि कॉकसमध्ये किंमत रात्रीचीच असते. ही दुरुस्ती तुमच्यापैकी किती जणांनी छापली, ते तुमच्या जुन्या अंकांत पाहा.

आता मतदानाच्या टक्क्याविषयी, कारण खरा घोटाळा तिथे होतो.

आपल्याकडे मतदानाची टक्केवारी म्हणजे मतदार यादीतल्या किती जणांनी मत दिलं. यादी निवडणूक आयोगाची, छेद ठरलेला. इथे सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेक अभ्यासक मतदानास पात्र लोकसंख्येशी तुलना करतात, मग ती माणसं यादीत असोत-नसोत. प्रायमरीत तर छेदच सापडत नाही. आमच्या राज्यात मतदाराची नोंद तीन प्रकारे होते: रिपब्लिकन, डेमोक्रॅट, किंवा कुठल्याच पक्षाचा नाही. या तिसऱ्या गटात साधारण चाळीस टक्के मतदार आहेत. त्यांनी मतदानाच्या दिवशी टेबलापाशी येऊन कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागावी. तेवढ्यापुरते ते त्या पक्षाचे होतात आणि बाहेर पडताना एका कागदावर सही करून पुन्हा ‘कुठल्याच पक्षाचे नाही’ होतात. शिवाय त्याच दिवशी नवी नोंदणी करता येते, म्हणजे यादी दिवसभर वाढतच असते. मग रिपब्लिकन प्रायमरीत अमुक टक्के मतदान झालं, ते कशाच्या टक्के? म्हणून टक्का सोडा आणि डोकी सांगा.

२०२४ मध्ये इथल्या रिपब्लिकन प्रायमरीत सुमारे सव्वातीन लाख मतं पडली. या राज्यात त्या पक्षासाठी हा विक्रम होता. ट्रम्प ५४, हेली ४३. ‘विक्रमी मतदान आणि ट्रम्प विजयी’ एवढंच सांगितलं तर वाचकाला वाटणार, लाट आली. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत चित्र निराळं होतं. स्वतःला रिपब्लिकन म्हणवणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश ट्रम्प यांच्याकडे होते; अपक्ष म्हणवणाऱ्यांचा मोठा हिस्सा हेलींकडे. विक्रमाला हातभार लावणाऱ्यांत ट्रम्प यांना थोपवायला आलेलेही होते. एकाच रांगेत दोन उलट्या दिशांना निघालेली माणसं उभी असतात आणि विक्रमाच्या आकड्यात ती एकत्र मोजली जातात. हेलींना राज्याबाहेर बहुतेक ठिकाणी एवढी साथ मिळाली नाही, कारण त्यापुढच्या अनेक राज्यांत पक्षाबाहेरच्या मतदाराला दार इतकं उघडं नव्हतं आणि जिथे होतं तिथेही पक्षाचे निष्ठावंत संख्येने भारी होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी माघार घेतली.

त्या विक्रमाचं नोव्हेंबरमध्ये काय झालं? न्यू हॅम्पशायर कमला हॅरिस यांनी जिंकलं. २०१६ लाही तेच. प्रायमरीत रिपब्लिकनांकडे जास्त मतदार आले होते, आणि नोव्हेंबरमध्ये हिलरी क्लिंटन यांनी तीन हजारांहूनही कमी मतांनी राज्य राखलं. प्रायमरीला गर्दी होते ती चुरस जिथे असते तिथे. ज्या पक्षात चुरस नाही त्याचे लोक घरी बसतात, पक्ष सोडून जात नाहीत.

गर्दीवरून विजेता ओळखण्याचा खेळही असाच फसवा. २००८ मध्ये आयोवाच्या डेमोक्रॅटिक कॉकसला सुमारे २ लाख ४० हजार लोक आले, २००४ च्या जवळजवळ दुप्पट, आणि ओबामा जिंकले. नवी माणसं त्यांनीच आणली होती. मग सूत्र तयार झालं: गर्दी म्हणजे बाहेरून आलेल्या उमेदवाराचा फायदा. २०१६ मध्ये रिपब्लिकन कॉकसची गर्दी १ लाख २१ हजारांवरून १ लाख ८७ हजारांवर गेली. सूत्राप्रमाणे ट्रम्प जिंकायला हवे होते. जिंकले टेड क्रूझ. आणि ओबामांची आयोवातली हवा आमच्याकडे पाच दिवसांत जिरली. सगळ्या चाचण्या त्यांना पुढे दाखवत असताना इथे हिलरी जिंकल्या.

तुम्हाला हे नवीन नाही. टक्का वाढला म्हणजे सत्तेविरुद्ध लाट, हे आपल्याकडचं लाडकं गणित २०२४ च्या विधानसभेला कसं तोंडघशी पडलं ते तुम्हीच छापलंत. मतदान २०१९ च्या ६१ टक्क्यांवरून ६६ वर गेलं आणि सत्ताधारी महायुतीच प्रचंड बहुमताने परत आली. घरच्या निवडणुकीत जे शहाणपण दाखवता ते समुद्र ओलांडताना का गळून पडतं?

सगळ्यात मोठी फजिती २०२० ची, आणि ती जगभरच्या पत्रकारांची झाली. आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाचं निकाल कळवण्याचं ॲप कोसळलं, निकाल कित्येक दिवस रखडला. जो बायडन तिथे चौथे, आमच्याकडे पाचवे, साडेआठ टक्केसुद्धा नाहीत. निकाल लागायच्या आधीच ते इथून साउथ कॅरोलायनाला निघून गेले. इथे पक्षाच्या प्रायमरीत विक्रमी, तीन लाखांच्या घरात मतदान झालं होतं. म्हणजे त्यांना नाकारणारा कौल चांगला भरघोस होता. त्यांच्या उमेदवारीवर श्रद्धांजलीपर लेख सगळीकडे तयार झाले. पण आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या दोन्ही राज्यांत दहातले नऊ लोक गोरे आहेत. साउथ कॅरोलायनाच्या डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी बायडन यांना पाठिंबा दिला. २९ फेब्रुवारीला सुमारे ५ लाख ४० हजार लोकांनी मतदान केलं, २०१६ मध्ये हा आकडा ३ लाख ७० हजार होता. बायडन यांना ४८ टक्क्यांहून अधिक. दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतली आणि ३ मार्चला चौदापैकी दहा राज्यं बायडन यांची. किती मतदान झालं याच्या शेजारी कोणाचं मतदान झालं हे लिहिलं असतं, तर फेब्रुवारीतल्या त्या मृत्युलेखांना कोणीतरी हात आखडता घेतला असता.

हे मी तुम्हाला का सांगतो? कारण तुमचे वाचक फक्त महाराष्ट्रात नाहीत. न्यू जर्सीच्या एडिसन-इसेलिन पट्ट्यात हजारो मराठी घरं आहेत, त्यांतले कित्येक जण आता नागरिक आणि मतदार आहेत, आणि सकाळी फोनवर पहिल्यांदा उघडतात ती मराठी बातमी. त्यांच्या राज्याची प्रायमरी जूनमध्ये असते. २०२४ मध्ये ट्रम्प आणि बायडन या दोघांनीही १२ मार्चलाच उमेदवारीपुरते प्रतिनिधी मिळवले होते. म्हणजे त्यांच्या वाट्याला मतदानाआधी तीन महिने फक्त हवाच येते. ती कुठून, किती लोकांच्या मतांतून निर्माण झाली हे त्यांना तुमच्याकडून कळायला हवं.

प्रायमरीकडे दुर्लक्ष केल्याने आपलाच माणूसही आपल्याला उशिरा दिसतो. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेत गेले तेव्हा नोव्हेंबरमध्ये मराठी पत्रांनी तोंडभरून कौतुक केलं. योग्यच होतं. पण तो मतदारसंघ डेट्रॉइटचा, डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. खरी लढत ऑगस्टच्या प्रायमरीत नऊ उमेदवारांमध्ये झाली आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर निघाले. नोव्हेंबर हा उपचार होता. ती ऑगस्टची लढत मराठीत कोणी सविस्तर सांगितली असती तर वाचकाला अमेरिकी निवडणूक दहा स्पष्टीकरणपर लेखांपेक्षा जास्त कळली असती.

तेव्हा मागणं मोठं नाही. निकालाच्या बातमीत पहिल्या दोन परिच्छेदांत एकूण किती जणांनी मत दिलं ते आकड्यात द्या, आणि चार व आठ वर्षांपूर्वी किती होते तेही. मत द्यायला कोणाला मुभा होती ते एका ओळीत लिहा. विजेत्याबरोबर मिळालेले प्रतिनिधी आणि एकूण प्रतिनिधी सांगा, म्हणजे ‘उमेदवारी जवळजवळ निश्चित’ हे वाक्य लिहिताना हात जरा अडखळेल. ‘मुसंडी’ आणि ‘धक्का’ हे शब्द वापरायचे तर कोणाच्या अपेक्षेच्या मानाने, तेही सांगा. आणि प्रमाणित निकाल वेगळा निघाला तर त्याला पहिल्या बातमीएवढी नसली तरी निम्मी जागा द्या. एखाद्या वर्षी नियमच विचित्र असतील तर ते आधी समजावा. २०२४ ला डेमोक्रॅटिक पक्षाने पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला. आमच्या राज्याचा कायदा सांगतो की आमची प्रायमरी इतर कुठल्याही राज्याच्या अशा निवडणुकीच्या निदान सात दिवस आधी व्हायला हवी. दोघेही हटले नाहीत, बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर आलं नाही, आणि तरी लोकांनी हाताने लिहून त्यांना ६४ टक्क्यांच्या आसपास मतं दिली. ही पार्श्वभूमी नसेल तर तो आकडा वाचून कोणाला काय कळणार?

२०२८ साठी कोणी बातमीदार पाठवणार असाल तर उत्तमच. आमच्या मतदान केंद्रांत मतदारांच्या कठड्याबाहेर उभं राहून कोणालाही दिवसभर पाहता येतं, पत्रकाराला तर हक्काने. मतपत्रिका कागदी आहेत आणि छोट्या गावांत अजून हातानेच मोजतात. ती मोजणीही बघू देतात. बातमीदाराला जाड बूट आणायला सांगा. राहण्या-जेवण्याची सोय आणि केंद्र शोधून देण्याचं काम माझ्याकडे.

आपला,
न्यू हॅम्पशायरमधला एक मराठी मतदार